व्होल्टेज वाढवलेला बोर्ड लोडवर बसतो? प्रीसेट फिरवण्याआधी हे बघा

कॅबिनेट मांडीवर घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येणाऱ्या मुलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काका, कालपर्यंत मस्त चालत होतं." मग थोडं थांबून, "व्होल्टेज जरासं अजून वाढवून बघितलं, पण तरी बसतोय."

नौपाड्यात गॅलरी बंद करून केलेल्या टेबलावर मी गेली काही वर्षं कॉम्प्युटरचे मदरबोर्ड दुरुस्त करतो. त्यात प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवण्यासाठी कुणीतरी हात घातलेले बोर्ड अधूनमधून येतात. कुणी रेझिस्टरवर पेन्सिल घासलेली असते, कुणी बारीक वायरने प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवून किंमत बदलता येणारा छोटा रेझिस्टर, जोडलेला असतो. बहुतेक इंटेलच्या जुन्या ७७५ सॉकेटचे बोर्ड, क्वचित एएमडीचे एएम३ प्लस. तक्रार एकच, लोड, म्हणजे प्रोसेसरवर जड काम, आला की बसतो. आणि प्रत्येकाने आधी एकच उपाय करून पाहिलेला असतो, स्क्रू आणखी थोडा फिरवायचा. दहातल्या सात-आठ वेळा तोच उपाय दुखणं वाढवतो.

बसतो म्हणजे नक्की काय होतं?

हे आधी नीट बघा आणि वहीत लिहा. "बंद पडतो" एवढ्याने काहीच कळत नाही.

गेम किंवा स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरला मुद्दाम पूर्ण राबवणारा प्रोग्राम) चालू असताना खटकन सगळं बंद, आणि एसएमपीएसचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचं, मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय मशीन उठतच नाही, तर एसएमपीएसने स्वतःला कुलूप घातलंय. त्याला जास्त करंट दिसला, नाहीतर शॉर्ट.

स्वतःहून लगेच रीस्टार्ट होत असेल, तर बहुधा क्षणभर व्होल्टेज कोसळलं.

निळी स्क्रीन येत असेल तर कोड वाचा. १०१ म्हणजे क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या, मशीनवर तो बऱ्याचदा कमी पडलेल्या व्होल्टेजचा असतो. १२४ हा हार्डवेअरची चूक सांगणारा सर्वसाधारण कोड, त्यामागे व्होल्टेज, उष्णता, रॅम काहीही असू शकतं.

बंद पडत नाही पण दहा मिनिटांनी गेम अडखळतो, आणि बघितलं तर ३.८ गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर दीड-दोनवर आलेला असतो. हे तापण्याचं लक्षण. मात्र तापलेला भाग प्रोसेसरच असेल असं नाही.

सकाळी पहिल्यांदा लावला की पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. तीनदा बटण दाबलं की चालू, मग दिवसभर ठीक. ही तक्रार माझ्याकडे जून ते सप्टेंबर जास्त येते, त्याबद्दल पुढे.

आणि जळका वास आला असेल, एकदाच का होईना, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा. मशीन पुन्हा लावू नका.

फ्लोटची दांडी

सोसायटीच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह असतो. पाणी ठरावीक उंचीला आलं की दांडी वर जाते आणि नळ बंद होतो. दांडी वाकवली की फ्लोटला वाटतं पाणी अजून खालीच आहे, आणि टाकी जास्त भरते. व्होल्टेजचा मॉड, म्हणजे मूळ सर्किटमध्ये केलेला बदल, ही अशीच दांडी वाकवणं. बोर्डावरची कंट्रोलर चिप १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करते. किती झाले हे ती फीडबॅकच्या पायावर बघते, आणि तिथे दोन रेझिस्टरनी वाटलेलं व्होल्टेज येतं. फीडबॅकपासून ग्राउंडकडे जाणाऱ्या रेझिस्टरची किंमत कमी केली की चिपला व्होल्टेज कमी दिसतं आणि ती ते वाढवते. पेन्सिलचं ग्रॅफाइट विजेचं वाहक असल्यामुळे तेच करतं, समांतर जोडलेला प्रीसेटही तेच करतो.

आता लोडचं गणित. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे आणि घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टवर ३.२ गिगाहर्ट्झ असलेला प्रोसेसर १.३५ वर ३.८ ला नेला, तर वीज जवळपास दीडपट लागते. ९५ वॅट खाणारा १४० च्या पुढे जातो आणि कॉइलमधून ८० च्या जागी १०५ अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. एसएमपीएसकडून येणाऱ्या १२ व्होल्टच्या बाजूला व्होल्टेज तेच राहतं, म्हणून तिथला करंट विजेइतकाच, दीडपट होतो. तिथल्या वायरीच्या आणि पिनांच्या जोडात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट. बोर्ड बसतो तो बहुतेकदा या सव्वादोनपटीमुळे. व्होल्टेज कमी आहे म्हणून स्क्रू फिरवला की हाच आकडा आणखी वर चढतो.

फुकटातल्या तपासण्या

पहिलं काम, मॉड मागे घ्या. प्रीसेट पूर्ण मागे फिरवा, बायोस (बोर्डाची मूळ सेटिंग्ज) डिफॉल्टवर आणा आणि तीच टेस्ट अर्धा तास चालवा. तरीही बसला तर दोष मॉडमध्ये नाही, रॅम, एसएमपीएस किंवा हार्ड डिस्कमध्ये शोधा. ही पायरी कुणी करत नाही. घणसोलीच्या एका मुलाने दोन महिने प्रीसेटशी झटापट केली होती. रॅमची एक पट्टी खराब निघाली.

दुसरं, मॉडची गरज होती का ते बघा. इंटेलच्या एच६१ चिपसेटच्या बोर्डावर मल्टिप्लायर (ज्या आकड्याने बेस क्लॉकला गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो) लॉक असलेला प्रोसेसर बसवून व्होल्टेज वाढवणारे मला अजून भेटतात. तिथे बेस क्लॉक १०० चा फार तर १०३-१०५ होतो, व्होल्टेज कितीही द्या. मिळतं फक्त तापमान. तसंच इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीत व्होल्टेज रेग्युलेटरचा शेवटचा टप्पा प्रोसेसरच्या आतच आहे. बोर्ड त्याला सुमारे १.८ व्होल्ट देतो आणि कोअरचं व्होल्टेज प्रोसेसर आत ठरवतो. तिथे बोर्डावरचा प्रीसेट कोअरपर्यंत पोचतच नाही. या दोन्हींपैकी काही असेल तर मॉड काढून टाका, समस्या संपली.

मग धूळ. कॅबिनेट उघडा, हीटसिंकच्या पात्यांमधला थर ब्रशने काढा. हे सगळेच सांगतात, म्हणून मी फक्त विसरली जाणारी जागा सांगतो. सॉकेटशेजारी कॉइल आणि मॉस्फेटची (१२ व्होल्ट झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या स्विच-चिपांची) रांग असते. जुन्या कूलरचा पंखा खाली फुंकायचा, त्याची हवा या रांगेवर जायची. टॉवर कूलर किंवा पाण्याचा कूलर लावला की प्रोसेसर थंड राहतो आणि ही रांग बिनवाऱ्याची तापते. एक साधा ८० किंवा १२० मिलिमीटरचा पंखा झिप टायने त्या रांगेकडे तोंड करून बांधा आणि टेस्ट पुन्हा चालवा. दहा मिनिटांनी येणारा अडखळा गेला, तर इथेच थांबा. मे महिन्यात ठाण्यात पंख्याखालच्या खोलीतही पस्तीसच्या आसपास तापमान असतं. जानेवारीत टिकलेलं सेटिंग मेमध्ये टिकेल असं धरून चालू नका.

थोड्या पैशांच्या तपासण्या

थर्मल पेस्ट बदला. जुनी पेस्ट चुन्यासारखी सुकते.

आता चार किंवा आठ पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर, सॉकेटच्या वरच्या कोपऱ्यातला. मशीन बंद करून तो काढा आणि पिना टॉर्चच्या उजेडात बघा. प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झालंय? एखादी पिन बाकीच्यांपेक्षा काळपट आहे? मग सव्वादोनपट उष्णता कुठे जात होती ते सापडलं. चार पिनांत १२ व्होल्टच्या वायरी दोनच असतात, त्यामुळे १४ अँपिअर म्हणजे वायरीमागे ७. घट्ट बसलेल्या चांगल्या पिनेला ते झेपतं, सैल पिनेला नाही. मोलेक्सवरून (जुन्या हार्ड डिस्कच्या वीजजोडावरून) चार पिन करणारा स्वस्त अडॅप्टर लावला असेल तर तो आधी फेकून द्या. बोर्डावर आठ पिनांचं सॉकेट असेल तर आठही पिना जोडा.

त्यानंतर मल्टीमीटर. साधा डिजिटल मीटर पुरतो, पण मॉड केलेल्या बोर्डाशी मीटरशिवाय खेळू नका. पूर्ण लोडवर १२ व्होल्टची पिवळी वायर मोजा, काळी प्रोब ग्राउंडला. खालची मर्यादा ११.४. लोडवर त्याच्या खाली जात असेल तर एसएमपीएस दमलाय, बदला. एसएमपीएस स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपेक्षा जास्त असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात.

खरं व्होल्टेज मीटरवर

सॉफ्टवेअरमध्ये जे 'व्हीआयडी' दिसतं ते प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज असतं, त्याला मिळालेलं नव्हे. दांडी वाकवल्यावर मागणी तीच राहते आणि पुरवठा बदलतो. त्यामुळे स्क्रीनवर १.२५ आणि प्रोसेसरवर १.४१ असं माझ्या टेबलावर झालंय. मुलगा म्हणत होता, "वाढतच नाहीये हो, म्हणून फिरवत गेलो."

मोजायची जागा म्हणजे सॉकेटकडच्या कॉइलचा बाहेर जाणारा पाय, किंवा त्याला जोडलेल्या कॅपॅसिटरचा प्लस. चालू बोर्डावर हातात प्रोब धरून मोजताना ती घसरली की शेजारच्या १२ व्होल्टला टेकते, आणि मग पुढचं सगळं वाचायची गरज उरत नाही. माझा स्वतःचा पहिला बोर्ड असाच गेला. म्हणून मशीन बंद असताना दोन पातळ वायरी त्या जागी सोल्डर करून बाहेर काढा आणि मीटर बाहेर लावा. बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा.

आता रिकामं असताना आणि लोडवर, असे दोन आकडे लिहा. लोडवर थोडं खाली येणं ठरवूनच केलेलं असतं, कारण लोड अचानक सुटला की व्होल्टेज उसळी मारतं आणि त्यासाठी जागा हवी असते. बायोसमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडवरची ही घसरण कमी करणारं सेटिंग) असेल तर मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात वरच्या पायरीवर ती उसळी उघडी पडते. शंभर मिलीव्होल्टपेक्षा जास्त घसरत असेल, तर पुरवठ्यात किंवा कॅपॅसिटरमध्ये दोष आहे. प्रीसेट वाढवून ती दरी भरायला गेलात, तर रिकाम्या वेळी प्रोसेसर विनाकारण वरच्या व्होल्टेजवर बसून राहतो.

मर्यादा किती? ६५ नॅनोमीटरच्या कोअर २ डुओसाठी इंटेलच्या कागदपत्रांत व्हीआयडीची वरची कड १.५ व्होल्ट आहे, ४५ नॅनोमीटरच्या ई८००० मालिकेसाठी १.३६२५. एकाच सॉकेटमध्ये दोन्ही बसतात. जुन्याला मानवलेला आकडा नव्याला लावून बरेच प्रोसेसर कमजोर झालेत. नवीन मशीनवाल्यांनीही हसू नये. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर कुणी हात न लावता अस्थिर झाले, आणि जास्त व्होल्टेज हे त्यातलं मुख्य कारण निघालं. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) बदलून १.५५ च्या वरची मागणी रोखावी लागली. त्याआधी २०२३ मध्ये रायझन ७००० च्या एक्स३डी प्रोसेसरसाठी एएमडीला एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३ वर अडवावं लागलं होतं. एकदा कमजोर झालेला प्रोसेसर पूर्वीच्या वेगाला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो. महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रू थोडा-थोडा पुढे न्यावा लागत असेल तर हेच चाललंय. त्याला दुरुस्ती नाही, वेग कमी करा.

पावसाळ्याचा दोष

सकाळी डिस्प्ले न येण्याच्या तक्रारीत आधी बोर्डावरचा गोल सेल मोजा. सीआर२०३२ नवा असताना ३ व्होल्टच्या वर असतो. २.७ च्या खाली गेला असेल तर बदला, पुढचं वाचायला लागणार नाही कदाचित.

सेल ठीक असेल तर मॉडची जागा भिंगाखाली घ्या. जुलैमध्ये कोपरखैरण्याहून एक बोर्ड आला होता. मशीन खाडीच्या बाजूच्या खिडकीखाली ठेवलेलं. प्रीसेटच्या दोन्ही सोल्डरच्या टाक्यांभोवती पांढरट-हिरवा थर, कारण जोडताना डबीतली स्वस्त सोल्डर पेस्ट वापरली होती आणि नंतर पुसली नव्हती. मीटर लावून बोर्ड चालू केला, १.३६. त्या टाक्यांवर चष्म्याच्या काचेवर मारतो तसा वाफेचा श्वास सोडला. आकडा १.३८ झाला आणि वीस-पंचवीस सेकंदांनी हळूहळू परत खाली आला. फीडबॅकच्या पायाशी बारीकसा करंट असतो. ओलसर आम्लयुक्त पेस्ट तिथे आपली वेगळी वाट काढते आणि तुम्ही न जोडलेला दुसरा प्रीसेट तयार होतो. तो रोज हवेप्रमाणे फिरतो. रबाळे-महापेकडच्या कारखान्यांच्या हवेत वाढलेल्या बोर्डांवर तांब्याचा काळपटपणाही लवकर दिसतो.

उपाय स्वस्त आहे. एसएमपीएसचा प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. दोनदा घासा, तिसऱ्यांदा नव्या अल्कोहोलने धुवा, पूर्ण सुकू द्या. श्वासाची परीक्षा पुन्हा घ्या. आकडा हलला नाही की झालं.

पेन्सिलचा मॉड असेल तर सरळ पुसून टाका. बोर्ड तापतो-थंडावतो तसा ग्रॅफाइटचा थर सुटतो, रेझिस्टन्स वाढतो आणि व्होल्टेज खाली येतं. लोकांना वाटतं प्रोसेसर थकला, आणि ते आणखी पेन्सिल घासतात. प्रयोग म्हणून एक संध्याकाळ ठीक, वर्षभर चालवायला नाही.

हात स्थिर असेल तरच

इथून पुढे सोल्डरिंग येतं. बारीक टोकाचं आयर्न, पातळ वायर, चांगला फ्लक्स आणि रद्दी बोर्डावरचा सराव हवा. सराव नसेल तर पुढचा भाग वाचा आणि बोर्ड जाणकाराकडे द्या.

प्रीसेट कसा जोडलाय ते बघा. तो फीडबॅक आणि ग्राउंडच्या मध्ये समांतर असेल, तर वायर तुटली तरी व्होल्टेज मूळ जागी येतं. हे सुरक्षित. कुणी फीडबॅकच्या वरच्या वाटेत, म्हणजे व्होल्टेजकडून येणाऱ्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट घातला असेल, तर तो तुटल्यावर चिपला शून्य दिसतं आणि ती जोर लावते. संरक्षण वेळेवर लागलं तर बरं. असा मॉड दुरुस्त करू नका, काढा. शिवाय काही कंट्रोलर जास्त व्होल्टेजची पहारेदारीही त्याच फीडबॅकवरून करतात. दांडी वाकवली की पहारेकऱ्यालाही खोटाच आकडा दिसतो.

नवा प्रीसेट लावायचा असेल तर बोर्डावर बसलेला रेझिस्टन्स, मशीन बंद असताना, जागेवरच मोजा आणि साधारण २० पट किमतीचा मल्टिटर्न (अनेक वेढे फिरणारा) प्रीसेट घ्या. १ किलोओहम मोजला तर २० किलोओहम. पूर्ण किमतीवर लावला की खालचा रेझिस्टन्स पाच टक्क्यांच्या आत बदलतो आणि पहिल्या चालूला धक्का बसत नाही. जोडण्याआधी तो पूर्ण किमतीला आहे हे मीटरवर पाहा, 'असेल' म्हणू नका. मधला पाय एका टोकाच्या पायाला जोडा, म्हणजे आतला सरकता संपर्क सुटला तरी पूर्ण किंमत कायम राहते. वायर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर फीडबॅकमध्ये गोंगाट शिरतो. प्रीसेट बोर्डाला ग्लूने चिकटवा. लोंबकळणारा प्रीसेट ट्रेनच्या धक्क्यांनी रेझिस्टरचा पॅडच उपटून आणतो, आणि मग दहा रुपयांच्या भागापायी बोर्ड जातो.

कॅपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी बघा. डोकं फुगलंय, बुडाशी तपकिरी चिकट काही आहे, तर तो बदलायचा. १०५ अंशांचाच घ्या. पण पॉवरच्या थरातलं तांबं जाड असतं, साधं २५ वॅटचं आयर्न तिथे उष्णता पुरवू शकत नाही. ओढाताण केली की आतला थर फाटतो.

एक घोटाळा टाळा. कॉइल आणि ग्राउंडमध्ये मीटरचा बझर वाजला म्हणजे शॉर्ट, असं समजून चांगले बोर्ड टाकून दिलेले मी पाहिलेत. प्रोसेसर बसलेला असताना तिथला रेझिस्टन्स एवढा कमी असतो की बझर वाजतोच. प्रोसेसर काढून पुन्हा मोजा.

इथे थांबा

प्रोसेसर काढूनही तिथे शून्याजवळ येत असेल, किंवा १२ व्होल्टची पिन आणि कॉइल यांच्यात शॉर्ट दिसत असेल, तर बहुधा मॉस्फेट गेलाय. वरच्या बाजूचा मॉस्फेट शॉर्ट असताना मशीन लावली तर सव्वा व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट प्रोसेसरवर जाऊ शकतात. दुसरा प्रोसेसर टाकून बघू, हा मोह इथे दोन प्रोसेसर खातो.

जळका वास, बोर्डावर काळा डाग, फुगलेला थर, उपटलेला पॅड, किंवा कंट्रोलर चिपच बदलायची वेळ, यातलं काहीही असलं तर हॉट एअर आणि मायक्रोस्कोप असलेल्या बोर्ड दुरुस्तीवाल्याकडे जा. ठाण्यात नाही मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा. लॅपटॉपचा बोर्ड असेल किंवा मशीनवर ऑफिसचा डेटा असेल, तर पहिल्याच पायरीनंतर थांबा, आणि डेटा आधी काढून घ्या. एसएमपीएसमधून ठिणगी दिसली किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घरचं अर्थिंग तपासून घ्या. हे काम बोर्डवाल्याचं नाही.

बोर्ड देताना मॉड लपवू नका. वॉरंटी तर तो केल्या दिवशीच गेली. लपवलात तर दुरुस्तीवाला मूळ सर्किट समजून तासभर चुकीच्या जागी मोजत बसतो आणि त्या तासाचे पैसे तुम्हीच देता. कॅबिनेटच्या आत कागदी टेप लावून तीन आकडे लिहा: मूळ व्होल्टेज, लोडवरचं शेवटचं मोजलेलं, आणि प्रीसेट कुठल्या दोन टोकांत आहे.